चार गिअरची वॅगन

कोरीनने कॉफीचा कप गॅरेजातल्या फळीवर ठेवला, लगेच परत उचलला, आणि त्यात कॉफीचा थेंबही नाही हे तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं. वॅगनच्या खालून पेडिगोचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. वीस मिनिटं झाली, बूट हलले नव्हते. हा माणूस खाली झोपला तर नाही ना, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

“काही लागलं तर सांगा हं,” ती वाकून म्हणाली.

“थोडी शांतता मिळाली तर बरं,” खालून आवाज आला. “तुमच्या चपला सकाळपासून माझ्या डोक्याभोवती फेऱ्या घालताहेत.”

कोरीन जागच्या जागी उभी राहिली. उभं राहवेना. तीस वर्षं शाळेत पोरांवर ‘एका जागी बसा’ म्हणून ओरडलेली बाई, आणि आज तिच्याच पायाला भिंगरी लागली होती. दारापर्यंत जा, बाहेर बघ, परत ये. बाहेर मिशिगनचा एप्रिल होता, म्हणजे ऊन होतं आणि थंडीही होती.

रॉयस पेडिगो इंडियानाहून आला होता. जुनी गाडी अस्सल कुठली आणि सजवलेली कुठली, हे पारखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं सगळेच म्हणत. त्याने आज कागदावर सही केली की वॅगन गावच्या मोटार-संग्रहालयात जाणार होती. जागा रिकामी करून ठेवली होती. समोर लावायच्या पितळी पट्टीवरचं वाक्य कोरीनने स्वतः लिहिलं होतं, खाडाखोड करून करून: ‘गेरिट हूकस्ट्रा यांनी ही गाडी १९६९ साली कारखान्यातून खास चार गिअरची मागवून घेतली.’ गेरिट, म्हणजे तिचे वडील, नोव्हेंबरात गेले. सत्याऐंशी वर्षांचे होऊन गेले, कोणाची तक्रार नव्हती. पण त्यांचं नाव कुठेतरी राहावं, एवढंच तिच्या मनाने घेतलं होतं, आणि मनाने घेतलं की कोरीन कोणाचं ऐकत नसे.

गाडीत तसं होतं तरी काय? घरातली लांबलचक वॅगन. मागे पोरं, कुत्रा, बटाट्याची पोती असा सगळा बाडबिस्तरा भरायची. अशी गाडी त्या काळात लोक डोळे मिटून ऑटोमॅटिकच घेत. हाताने टाकायचे चार गिअर मागवत ती हौशी पोरं, आणि तेही दोन दारांच्या सुसाट गाड्यांना. वॅगनला चार गिअर म्हणजे आक्रीतच. पेडिगो फोनवर म्हणाला होता, “तीस वर्षांत मी अशा दोन पाहिल्यात. तिसरी असेल तर मी इंडियानाहून रांगत येईन.” जुन्या गाड्यांच्या जत्रेत बाप्ये खिडकीत डोकं घालून इंजिन सोडून तिसरं पेडलच बघत बसायचे. शेजारी घडीच्या खुर्चीत गेरिट बसलेले असत, आणि दर वर्षी तोच किस्सा सांगत.

“एजंट म्हणाला, वेडबिड लागलंय का तुम्हाला? म्हटलं, गाडी मी चालवणार. गाडीने मला चालवायचं नाही!”

लोक हसत. कोरीनही हसे, दर वर्षी, त्याच जागी. याच गाडीवर ती सोळाव्या वर्षी शिकली होती. गिअरच्या दांडीवर तिचा हात, तिच्या हातावर बाबांचा. धाकट्या फिलचा नाद त्यांनी दोन शनिवारांत सोडला होता. हिला मात्र येईपर्यंत शिकवलं. बोलणारा माणूस नव्हता तो. जे काही द्यायचं ते त्याने तिला त्या दांडीवर दिलं, असं ती मानत आली होती.

पेडिगो सरपटत बाहेर आला. उठून बसला, हात पुसले, एकेक बोट करून पुसले.

“गिअरबॉक्स कधी उतरवला होता?”

“एकाहत्तर साली. क्लच गेला होता. माझ्या हार्मकाकाचं गॅरेज होतं, तिथे नेली होती.”

“दोन वर्षांत क्लच गेला?”

“बाबा जरा दामटायचे.”

“हं,” पेडिगो म्हणाला.

त्या ‘हं’ने कोरीन सावध झाली. ती पुढे झाली.

“हं म्हणजे काय?”

“गिअरबॉक्सवर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. इथेही आहे. पण तो या गाडीचा नाही, भलत्याच कुठल्या तरी गाडीचा आहे.”

“मग काकाने बदलला असेल. मोडला असेल पहिला.”

“बदलतात. त्यात काही पाप नाही.” तो पुढच्या दारातून आत वाकला आणि दांडीभोवतीचा गालिचा हलक्या हाताने वर घेतला. “इकडे या. हा उंचवटा बघा. कारखान्यात हा पत्रा ठिपक्या-ठिपक्यांनी जोडतात. इथे सलग शिवण आहे. कोणीतरी तळाचा पत्रा कापलाय आणि हा तुकडा वरून बसवलाय. काम मात्र नामी आहे. मन लावून केलंय हो.”

कोरीनने शिवणीवर बोट फिरवलं. पत्रा गार होता. हार्मकाकाचं वेल्डिंग गावात नावाजलेलं होतं, पण ते ती बोलली नाही.

“पत्रा गंजला असेल,” ती म्हणाली.

पेडिगोने गालिचा परत नीट बसवला. तो मागच्या दाराने आत शिरला. मागची सीट त्याने उचलून बाहेर काढली, उलटी केली, स्प्रिंगांमध्ये हात घालून चाचपू लागला. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरायचा, तिला काय काय बसवायचं ते सांगणारा. काम संपलं की कामगार तो टाकून न देता बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगांत कोंबून मोकळे व्हायचे. पन्नास-पन्नास वर्षं ते कागद तिथे उंदरांची वाट बघत बसत.

तेवढ्यात घराकडचं दार उघडलं आणि आई आली. अलायडा हूकस्ट्रा, चौऱ्याऐंशी वर्षांची, उंचीने एवढीशी, पायात बागेतले रबरी बूट आणि हातात ताटली. ताटलीत बदामाचं सारण भरलेल्या बँकेटचे तुकडे, नुकतेच भट्टीतून काढलेले.

“झालं का?” तिने विचारलं.

“होतंय, हूकस्ट्राबाई,” पेडिगो म्हणाला, आणि त्याचा हात थांबला.

कागद तपकिरी झाला होता. एका कोपऱ्याला उंदीर पोचलेच होते. पेडिगोने तो भाजलेल्या पापडासारखा दोन्ही तळहातांवर धरून उजेडात आणला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ओळीने वाचत गेला. वाचता वाचता एका चौकटीपाशी त्याचं बोट थांबलं.

“ऑटोमॅटिक,” तो म्हणाला.

“दुसऱ्या गाडीचा असेल. घाईत कोंबताना चुकत असतील की नाही माणसं!”

“चुकायची. पुष्कळदा चुकायची. पण याच्यावरचा नंबर याच गाडीचा आहे.”

“माझे बाबा खोटं बोलत होते, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी तुमच्या बाबांविषयी चकार शब्द काढलेला नाही. मी पत्र्याविषयी बोलतोय.”

कोरीनने त्याच्या हातातून कागद घेतला.

“आणि तुम्ही तो गालिचा उचललाच नसता तर?”

“तर आत्ता मी तुम्हाला फार आवडलो असतो,” पेडिगो म्हणाला. मग जरा नरमला. “कागद तुमचा आहे. ठेवा, फाडा, मी कोण विचारणारा? पण जे डोळ्यांनी पाहिलं ते मला लिहावं लागेल. एक गोष्ट मात्र खरंच कळत नाही बघा. असे बदल लोक करतात, नाही असं नाही. पण आत्ता करतात, चार गिअरला सोन्याचा भाव आल्यावर. एकाहत्तर साली यांना विचारत होतं कोण? उलट भाव पडला असेल. दोन वर्षांची नवीकोरी, धडधाकट ऑटोमॅटिक गाडी घ्यायची, आणि तिचा पत्रा कापून हे तिसरं पेडल घालायचं. कोण करेल असा उपद्व्याप? आणि कशासाठी?”

“मला चालवता येऊ नये म्हणून,” आई म्हणाली. ताटली तिने फळीवर ठेवली. “बँकेट घ्या. गरम आहे तोवर बरं लागतं.”

कोणीच बँकेट घेतलं नाही.

“आई, काय बोलतेस तू?”

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं.”

“तुला गाडी येतच नाही!”

“ऑटोमॅटिक यायची. आपण टीनामावशीकडे कलमाझूला गेलो होतो, आठवतं का तुला? शाळा चालू असताना.”

आठवत होतं की. दोन दिवसांची सुट्टी, मावशीकडची चॉकलेटची वडी, मागची सीट आडवी करून ती आणि फिल पांघरुणात लोळत गेले होते. परत येताना गाडी बाबा चालवत होते. जाताना कोण चालवत होतं, हा प्रश्न बावन्न वर्षांत एकदाही तिला पडला नव्हता. आत्ता मात्र तिला आईची मानच दिसली, मागून, हिरव्या रुमालात बांधलेली.

“त्या हिवाळ्यात तुझे बाबा एकोणीस दिवस माझ्याशी बोलले नव्हते,” आई म्हणाली. “कशावरून, ते आता मलाही आठवत नाही. मीठ दे म्हणून फिलला सांगायचे, आणि मीठ माझ्या हाताशी असायचं. विसाव्या दिवशी मी तुम्हाला गाडीत घातलं. तिसऱ्या दिवशी ते न्यायला आले. चर्चमधल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले, मग काय बोलणार? पुढच्या आठवड्यात गाडी हार्मकडे गेली.”

“क्लच गेला होता म्हणून,” कोरीन म्हणाली. वाक्य तोंडातून बाहेर पडताना तिला ते ऐकू आलं. ऑटोमॅटिक गाडीला क्लचच नव्हता, तर गेला कुठून?

पेडिगोने आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मी जरा बाहेर माझ्या ट्रकमध्ये…” तो पुटपुटला.

“थांबा हो,” आई म्हणाली. “तुमच्यापासून काय लपवायचंय? तुम्ही तर खालून बघितलीय.”

कोरीनच्या डोळ्यांपुढून एकेक गाडी जात होती. वॅगननंतर आलेली निळी, मग ती छोटी परदेशी, मग पिकअप. झाडून सगळ्या हाताने गिअर टाकायच्या. आणि नाताळच्या जेवणात फिलचा ठरलेला विनोद: आईला पाय दोन आणि पेडलं तीन, बिचारीने काय करावं! आईसुद्धा हसायची त्याला. कोरीनला एकाएकी इतका संताप आला की तो नेमका कोणाचा, तेच तिला कळेना.

“मला का नाही सांगितलंस? मी त्या खुर्चीशेजारी उभी राहून वर्षानुवर्षं हसले, आई! तीच गोष्ट मी पट्टीवर लिहिली!”

“तू खूश असायचीस त्यांच्याबरोबर. घरात कोणीतरी असायला हवं होतं त्यांच्याबरोबर खूश.”

“हे काय उत्तर झालं?”

“मग नसेल झालं.” आईने पाठ केली, गाडीला वळसा घातला आणि चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं. “सीट जागेवर ठेवा हो मागची,” ती पेडिगोला म्हणाली, “आणि तुमची ती हत्यारं उचला खालून. कोरी, किल्ली दे.”

“काहीतरीच काय!”

“दे म्हणते ना.”

कोरीनने पेडिगोकडे बघितलं. त्याने मुकाट्याने सीट बसवली, हत्यारं गोळा केली आणि गॅरेजचं मोठं दार पुरतं वर केलं. म्हातारीला एकटं कसं सोडायचं, म्हणून कोरीन धावत दुसऱ्या बाजूने आत बसली. कागद अजून तिच्या मुठीत होता. नोव्हेंबरपासून गाडीत कोणी बसलंही नव्हतं. सकाळी तिने नुसती बॅटरी तेवढी भरून घेतली होती.

“लायसन्स तरी आहे का?”

“आहे तर. ओळख दाखवायला लागतंच ना बँकेत.”

आईने डावा बूट क्लचवर ठेवून पुरता खाली दाबला. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. दांडी मागे गेली, गाडी गॅरेजातून उलटी निघाली, पेडिगोच्या ट्रकला हातभर अंतर राखून वळली आणि रस्त्याला लागली. धक्का नाही, गचका नाही. पहिला, दुसरा, मग जरासा दम खाऊन तिसरा. कोरीन स्वतः दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना अजून थोडी अडखळायची. आईचं मात्र तिकडे लक्षही नव्हतं. ती समोर बघत होती.

दोन्ही बाजूंनी ब्लूबेरीची शेतं मागे पडत होती, झुडपं अजून लालसर काड्यांची.

“कधी शिकलीस?”

“त्र्याहत्तर साली. जेनीकाकूने शिकवलं. खडीच्या खाणीत, तुझ्या काकाच्याच पिकअपवर. आपल्या नवऱ्याने, हार्मने, जे करून ठेवलं त्याची तिला लाज वाटायची. तीन आठवडे लागले. दोनदा खाणीच्या डबक्यात घातली मी गाडी, तरी बाई हसायची नुसती.”

“त्र्याहत्तर!”

“मग तुझ्या बाबांची कामाची पाळी सुरू झाली की मी हिला बाहेर काढायची. ते सगळे एकाच्या गाडीतून कारखान्यात जात, ही घरीच असायची. तुम्ही शाळेत. पुढे ते घरी बसले, तेव्हा दर मंगळवारी हार्मबरोबर धक्क्यावर मासे धरायला जायचे, त्याच्या पिकअपमधून. हार्म गेल्यावर त्याचा मुलगा न्यायला यायचा. म्हणजे मंगळवार माझा.”

“कुठे जायचीस?”

“कुठे नाही. तळ्यापर्यंत. कधी साऊथ हेवनला. एकदा कलमाझूला जाऊन टीनाच्या दारावरून तशीच परत आले.”

कोरीन तिच्याकडे वळली. “मग गेली का नाहीस तू? येत होतं ना चालवता!”

आईने चौथा टाकला. दांडी जागेवर बसल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

“येत होतं म्हणून तर राहता आलं,” ती म्हणाली. “आधीची दोन वर्षं वाईट गेली गं. जाता येत नाही म्हणून राहणं फार वाईट. नंतर तसं नव्हतं. त्यांनी तोंड फुगवलं की मी मनात म्हणायची, बस फुगवून, मंगळवारी मी कलमाझूला. आणि मग मंगळवारी वाटायचं, पाव भाजायचाय, पुढच्या मंगळवारी बघू.”

तिला त्याचं हसू आलं. कोरीनला नाही आलं. तिने मुठीतला कागद गुडघ्यावर पसरला. ‘ऑटोमॅटिक’वर तिच्या घामाचा डाग पडला होता.

“संग्रहालयाला नको द्यायला ही,” ती म्हणाली. “मी पेडिगोला सांगते, रद्द.”

“का म्हणून? द्यायची. तिथे ऊन-पाऊस लागत नाही, सगळे कौतुकाने बघतील. ते ‘मागवून घेतली’ तेवढं खोड. लिही, एकोणसत्तरला घेतली, एकाहत्तरला गिअर बदलले. खरं आहे ते लिहायला काय झालं?”

“का बदलले म्हणून विचारतील लोक.”

“विचारू देत. त्या पेडिगोने विचारलंच की, काही बिघडलं का?” तिने आरशात बघितलं. “आणि खाली लिही, अलायडाने चालवली.”

पुढे तळ्याकडे जाणारा फाटा आला. आई कुठे वळायचं ते विचारणार नाही, हे आता कोरीनला कळलं होतं. गाडी वळली. वाळूच्या टेकड्या दिसायला लागल्या आणि खिडकीच्या उघड्या फटीतून पाण्याचा वास आत आला. कोरीनच्या मनात एक प्रश्न येऊन बसला होता, आणि तो विचारायचं तिला भय वाटत होतं.

“बाबांना माहीत होतं?”

“कोण जाणे. कधी बोलले नाहीत.” आईने वेग जरा कमी केला. “पण माहीत असणारच. सहा फूट दोन इंच माणूस तो, आणि मी ही एवढी. मला सीट पार पुढे ओढावी लागायची. परत आले की मागे ढकलायची, पण घाईत बरोब्बर त्याच खाचेत कधी बसली नाही. बुधवारी ते गाडीत बसायचे, सीट कट्कन मागे घ्यायचे, आणि निघायचे. मी खिडकीतून बघायची. इतकी वर्षं, कट्कन आवाज, आणि एक अक्षर नाही.”

“कधीच नाही?”

“नाही. शेवटी शेवटी तर त्यांचं लक्षच राहिलं नव्हतं. मीही दमले होते, मागे ढकलायची विसरायची. पुढच्या मंगळवारी बघावं तर सीट तशीच, मी ठेवली होती तिथे. तशीच बसून चालवत असतील. म्हातारपणी कळेनासं होतं माणसाला.”

कोरीनला गेला ऑगस्ट आठवत होता. बाबा तिला औषधाच्या दुकानात घेऊन निघाले होते, याच गाडीतून. एवढा उंच माणूस स्टिअरिंगवर वाकून बसला होता, दोन्ही गुडघे त्यालाच घासत होते, क्लच दाबताना पाय वर येत नव्हता म्हणून दर वेळी कण्हत होता. तिला बघवेना. “बाबा, अहो सीट तरी मागे घ्या ना,” म्हणत तिने सीटखालच्या कडीला हात घातला होता. त्यांनी तिचा हात धरून बाजूला केला होता.

“राहू दे,” ते म्हणाले होते. “मंगळवारी परत पुढे घ्यावी लागते.”

म्हातारा माणूस, काहीतरी बोलतोय, असं समजून तिने ते तिथेच सोडून दिलं होतं.